शिवनेरीच्या कड्यावरची वनस्पती आणि तिची दोन प्रकाशसंश्लेषणे

१/
शिवनेरीच्या उभ्या कड्याच्या भेगांत एक बुटकी, मांसल वनस्पती वाढते. पाऊस सुरू झाला की तिच्या खोडांना पाने फुटतात. पावसाळा सरता सरता तिच्यावर गडद तांबडी, चांदणीच्या आकाराची, पिवळसर नक्षीची फुले येतात. कोरडे महिने लागले की पाने गळून जातात आणि बोटाएवढी जाड हिरवी खोडे तेवढी खडकाला चिकटून राहतात. गावोगावी तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवजन्मस्थानाच्या नात्याने अलीकडे ‘शिवसुमन’ हे नावही रुळले आहे. वनस्पतिशास्त्रात तिची नोंद झाली ती फ्रेरिया इंडिका या नावाने.

२/
या वनस्पतीची पाने एका रीतीने अन्न तयार करतात आणि खोडे दुसऱ्या रीतीने. पानातील पेशी आणि खोडातील पेशी एकाच बीजातून आलेल्या, त्यांतील जनुके अक्षरशः तीच. तरीही एक दिवसा श्वास घेते, दुसरी रात्री. तीच पोथी दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वाचली जाते. हे वाचन कसे बदलले, याचा शोध दोनशे वर्षे चालू आहे आणि त्याच्या वाटेत जुन्नर-आंबेगावची शेते, बांध आणि कडे वारंवार येतात.

३/
आधी नावाची गोष्ट. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या जंगलखात्याचे प्रमुख होते एन. ए. डॅल्झेल. १८६१ मध्ये त्यांनी अलेक्झांडर गिब्सन यांच्या सोबतीने ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. हे गिब्सन म्हणजे इलाख्याचे पहिले जंगल-संरक्षक. दापोडीच्या सरकारी बागेचे अधीक्षक असताना जुन्नरजवळ हिवरे येथे औषधी वनस्पतींची बागही तेच चालवीत. त्यामुळे जुन्नरचे डोंगर त्या काळातील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या चांगल्याच परिचयाचे होते.

४/
जुन्नरच्या डोंगरावर मिळालेल्या या मांसल वनस्पतीचे वर्णन डॅल्झेल यांनी १८६४-६५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात केले. ती कोणत्याही ज्ञात प्रजातीत बसेना, म्हणून तिच्यासाठी नवी प्रजातीच निर्माण केली आणि तिला तत्कालीन गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचे नाव दिले. मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या त्या याच फ्रिअर यांच्या कारकिर्दीत; कराचीचा फ्रिअर हॉलही त्यांच्याच नावाचा. साहेबांची मर्जी सांभाळण्याची ही रीत तेव्हा सर्रास होती. कड्यावरच्या रोपाला मात्र त्यापूर्वीही नाव होतेच.

५/
वनस्पतिशास्त्रज्ञांना या रोपात विशेष वाटले ते त्याचे पान. माकडशिंगीसारखे तिचे जवळचे नातलग बहुतेक बिनपानांचे. त्यांची पाने इतकी क्षुद्र की असून नसल्यासारखी, आणि अन्न शिजवण्याचे सारे काम हिरव्या खोडाकडे. फ्रेरिया मात्र दर पावसाळ्यात भरघोस पाने धरते. ही पाने काय कामाची, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे तसाच राहिला.

६/
उत्तर आले जर्मनीहून. ओटो लुडविग लांगे हे वुर्झबुर्ग विद्यापीठातील प्राध्यापक. वाळवंटी वनस्पती हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. १९७७ मध्ये त्यांनी आणि एम. झुबर यांनी ‘इकॉलॉजिया’ या नियतकालिकात फ्रेरियावर निबंध लिहिला. पान आणि खोड कार्बन डायऑक्साइड केव्हा आत घेतात, हे मोजल्यावर दोन निराळी वेळापत्रके हाती आली. पाने साध्या ‘सी-३’ पद्धतीची, दिवसा काम करणारी. खोडे ‘कॅम’ पद्धतीची, रात्री हवा घेणारी. सह्याद्रीच्या एका कड्यावरचे रोप त्या निबंधामुळे जगाच्या वनस्पतिशास्त्रात गाजले.

७/
‘सी-३’ म्हणजे काय? दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सर्गी कार्बनचा माग काढत प्रकाशसंश्लेषणाची साखळी उलगडली. हवेतील कार्बन वनस्पतीत शिरल्यावर जो पहिला स्थिर पदार्थ तयार होतो, त्यात कार्बनचे तीन अणू असतात, म्हणून सी-३. भात, गहू, कांदा, द्राक्ष, टोमॅटो, हिरडा, आंबा, सगळे याच पंथाचे. १९६१ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या कॅल्विन यांना मिळाले. बेन्सन यांना वगळले गेले, याची खंत विज्ञानाच्या इतिहासकारांनी पुढे पुष्कळदा बोलून दाखवली आहे.

८/
या साखळीच्या दाराशी बसलेले विकर म्हणजे रुबिस्को. त्याच्यात एक जुनी खोट आहे: कार्बन डायऑक्साइड पकडताना ते मधूनच ऑक्सिजनला पकडते. तसे झाले की वनस्पतीला चूक निस्तरण्यात कमावलेली शक्ती घालवावी लागते. हवा जितकी तापलेली, तितक्या चुका अधिक. उष्ण प्रदेशात पिकाच्या कमाईचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक असा वाया जाऊ शकतो. रुबिस्को घडले तेव्हा पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन नगण्य होता, त्यामुळे ही खोट तेव्हा कोणाला जाचली नाही. पुढे हवा बदलली. विकर बदलले नाही.

९/
वनस्पतींनी या अडचणीवर दोन तोडगे काढले. पहिल्याची चाहूल एका माणसाला जिभेवर लागली. बेंजामिन हेन हा जर्मन वंशाचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासकडील चाकरीत असलेला वनस्पतिशास्त्रज्ञ. पानफुटीची पाने सकाळी चाखली तर आंबट लागतात, दुपारी बेचव होतात आणि संध्याकाळी किंचित कडवट, असे त्याच्या ध्यानी आले. १८१३ मध्ये त्याने हे पत्राने कळवले आणि १८१५ मध्ये ते लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत छापून आले. पानफुटी आजही महाराष्ट्रातल्या कितीतरी अंगणांत आहे. प्रयोगाला कुंडीखेरीज काही लागत नाही.

१०/
पानफुटी रात्री पर्णरंध्रे उघडते. थंड हवेत पाणी कमी उडते, म्हणून हवा घेण्याची ती सुरक्षित वेळ. आत आलेला कार्बन ‘पेप-कार्बोक्सिलेज’ नावाचे विकर पकडते. ते ऑक्सिजनला कधीच फसत नाही. पकडलेला कार्बन मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींतील पाणकोठ्यात साठतो, म्हणून पहाटेचे पान आंबट. उजाडल्यावर दारे बंद होतात आणि आतल्या आत आम्ल फोडून रुबिस्कोला कार्बन पुरवला जातो. दिवस चढतो तशी आंबट चव सरते. घायमारीच्या क्रॅस्युलेसी कुळावरून या पद्धतीला क्रॅस्युलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम, थोडक्यात कॅम, म्हणतात. निवडुंग आणि अननस हेही याच वाटेचे.

११/
दुसरा तोडगा सापडला उसात, आणि पैसा साखरेचा असल्यामुळेच सापडला असे म्हणायला हरकत नाही. हवाई बेटांवरील साखर-मळेवाल्यांच्या प्रयोगशाळेत ह्यूगो कोर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर यांना उसाच्या पानात पहिला पदार्थ तीन नव्हे, चार कार्बनचा दिसला. त्यांनी ते १९६५ मध्ये प्रसिद्ध केले. सोव्हिएत संघात कार्पिलोव यांना मक्यात हेच १९६० च्या सुमारास दिसले होते, पण पश्चिमेत ते कोणी वाचले नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या साखर कंपनीच्या प्रयोगशाळेतील हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी १९६६ पासून ही साखळी टप्प्याटप्प्याने जुळवली. ती ‘सी-४’.

१२/
सी-४ वनस्पती काम दोन प्रकारच्या पेशींत वाटून घेतात. पानाच्या बाहेरच्या थरातील पेशी पेप-कार्बोक्सिलेजच्या साहाय्याने कार्बन पकडतात आणि चार कार्बनच्या आम्लाच्या रूपाने तो आत, शिरांभोवती कडे करून बसलेल्या पेशींकडे पोचवतात. रुबिस्को आहे तो या आतल्या पेशींत. तिथे कार्बनची इतकी दाटी होते की ऑक्सिजनला शिरकाव उरत नाही. शिरांभोवतीचे हे कडे गॉटलीब हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याला ‘क्रान्झ’, म्हणजे पुष्पमाला, असे नाव दिले होते. मालेचा उपयोग कळायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. थोडक्यात, कॅम हे काम वेळेनुसार वाटते आणि सी-४ जागेनुसार. विकरे बहुतांशी तीच.

१३/
जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके म्हणजे या विषयाचा उघडा नकाशाच आहे. पश्चिमेला नाणेघाट, माळशेजची धार, भीमाशंकर: तुफान पाऊस, ढगाळ हवा आणि खाचरांतला भात. पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला बेल्हे, लोणी-धामणीकडे पाऊस त्याच्या काही अंशावर येतो आणि शेतात बाजरी, ज्वारी दिसते. भात सी-३, बाजरी आणि ज्वारी सी-४. पश्चिमेच्या डोंगरउतारावर भाताशेजारीच पिकणारी नाचणी आणि वरईही सी-४, कारण तिथली जमीन उथळ आणि पाणी झरझर निघून जाणारे. पावसाची रेषा आणि जनुकांच्या वाचनाची रेषा अशा हातात हात घालून जातात.

१४/
हा नकाशा धरणांनी बदलला. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांच्या पाण्यावर बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला. जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी कारखाने त्याच उसावर चालतात. बिबट्यांनी याच उसात घर केले. सी-४ च्या जोमामुळे ऊस इतक्या वेगाने आणि इतका दाट वाढतो की मोठ्या मार्जारकुळातील प्राण्याला वर्षभर आडोसा मिळतो. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आणि ब्रिस्बेनची साखर-प्रयोगशाळा यांच्यात असा एक दूरचा नातेसंबंध आहे.

१५/
याच घोड नदीच्या काठी, पण खाली शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ती वस्ती. त्यांचे मुख्य धान्य जव, म्हणजे थंडीत पिकणारे सी-३ पीक. त्यासाठी त्यांनी पुराचे पाणी वळवणारा पाटही खोदला होता. सी-३ आणि सी-४ वनस्पतींत जड कार्बनचे प्रमाण वेगवेगळे असते आणि ते खाणाऱ्याच्या हाडांत उतरते. म्हणून जगभरचे पुरातत्त्वज्ञ आता सांगाड्यावरून ओळखू शकतात की माणूस गहू-जवावर जगला की भरडधान्यावर. प्रकाशसंश्लेषणाचा प्रकार ही इतिहासाची नोंदवही ठरली, हे हॅच आणि स्लॅक यांच्या स्वप्नातही नसेल.

१६/
आता मूळ कोडे. सी-४ ही गुंतागुंतीची रचना आहे: पानाची ठेवण बदलायची, डझनभर विकरे योग्य पेशींत आणायची, नको तिथून काढायची. तरीही ती वनस्पतींच्या इतिहासात साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगवली. पहिल्या सी-४ वनस्पती सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या, हवेतील कार्बन डायऑक्साइड घसरल्यानंतरच्या. शिवनेरीचा काळा पाषाण त्याहून दुपटीने जुना, साडेसहा कोटी वर्षांचा! आज फुलझाडांच्या जातींपैकी जेमतेम तीन टक्के सी-४ आहेत, पण जमिनीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाव वाटा त्या उचलतात. इतके अवघड यंत्र साठ वेळा कोणी नव्याने कसे बांधेल?

१७/
उत्तराची किल्ली वनस्पतींत सापडली नाही, आतड्यातील जिवाणूत सापडली. कॅल्विन यांना नोबेल मिळाले त्याच १९६१ साली पॅरिसमध्ये फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी दाखवले की जनुकाशेजारी त्याचे चालू-बंद ठरवणारे डीएनएचे तुकडे असतात आणि त्यांवर बसणारी प्रथिने जनुकाला केव्हा बोलू द्यायचे ते ठरवतात. जनुक म्हणजे ओळ. शेजारचा तुकडा म्हणजे ती कोणी, कुठे आणि केव्हा वाचावी याची सूचना. यालाच जनुक-नियमन म्हणतात. सी-४ साठी नवी ओळ लिहावी लागली की नुसती सूचना बदलली, असा प्रश्न आता विचारता येऊ लागला.

१८/
पेप-कार्बोक्सिलेज भातातही आहे, तंबाखूतही आहे. सी-३ वनस्पतींत ते बारीकसारीक कामे करते. म्हणजे ओळ जुनीच. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ येथे पीटर वेस्टहॉफ यांच्या गटाने फ्लॅव्हेरिया या अमेरिकी मूळच्या वनस्पतिगटावर काम केले, कारण त्यात सी-३, सी-४ आणि अधल्यामधल्या अशा तिन्ही तऱ्हांच्या जाती आहेत. २००४ मध्ये त्यांनी सूचनेचा नेमका तुकडा दाखवला: अवघी ४१ अक्षरे. सी-३ भावंडातही तो तुकडा जवळपास तसाच होता; फरक होता एका अक्षराचा आणि चार अक्षरांच्या छोट्या भरीचा. एवढ्याने विकराचा मुक्काम बाहेरच्या थरात पक्का झाला. साठ वेळा घडलेल्या चमत्काराची किंमत काही ठिकाणी पाच अक्षरे होती.

१९/
त्याआधी, २००२ मध्ये, ज्युलियन हिबर्ड आणि पॉल क्विक या इंग्लंडमधील दोघांनी तंबाखूच्या देठात डोकावले. तंबाखू पक्की सी-३. पण तिच्या देठातील शिरांभोवतीच्या हिरव्या पेशींत सी-४ ची काही विकरे जोमाने काम करताना आढळली. मुळांकडून वर येणाऱ्या आम्लातला कार्बन त्या काढून घेत होत्या. सी-४ चे सुटे भाग सी-३ वनस्पतींच्या कोठारात आधीपासून पडून होते, असा त्याचा अर्थ. उत्क्रांतीला ते देठातून पानात आणायचे होते.

२०/
पुढचा पुरावा मराठी शेतकऱ्याच्या बांधावरचा आहे. पांढरी तिळवण सगळ्यांना ठाऊक आहे; तण म्हणून उपटतात, कुठे भाजी म्हणून शिजवतात. ती सी-४ आहे. तिची बहीण शोभावी अशी पिवळी तिळवण मात्र सी-३. पांढरी तिळवण मोहरीच्या कुळाशी जवळची असल्याने, त्याच कुळातील अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळांच्या लाडक्या रोपाशी तिची तुलना सोपी पडते. २०११ मध्ये केंब्रिजच्या हिबर्ड-गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवले की तिळवणीतील एका विकराला शिरांभोवतीच्या पेशींकडे पाठवणारी सूचना जनुकाच्या आतच, मजकुरात गुंफलेली आहे. गंमत अशी की सी-३ अरॅबिडॉप्सिसमधले तेच जनुक तिळवणीत घातले, तर तेही मुकाट्याने शिरांकडे जाते. पत्ता आधीच लिहिलेला होता; पत्ता वाचणारा टपालवाला तेवढा तिळवणीने नेमला.

२१/
मग भात आणि ज्वारी. नाणेघाटाखालची खाचरे आणि पूर्वेकडची रब्बी राने यांच्यातला फरक २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अक्षरशः पेशीपेशीने मांडला गेला. अमेरिकेतील साल्क संस्था आणि केंब्रिज येथील शास्त्रज्ञांनी भाताची आणि ज्वारीची रोपे अंधारात वाढवून उजेडात आणली आणि ती हिरवी होत असताना हजारो पेशींच्या केंद्रकांत कोणती जनुके बोलत आहेत, हे एकेक तपासले. शिरांभोवतीच्या पेशींना त्यांची ओळख देणारी ‘डॉफ’ गटाची प्रथिने दोन्हींत सापडली. भातात ती इतर कामांच्या जनुकांना हाक मारतात. ज्वारीत प्रकाशसंश्लेषणाच्या जनुकांशेजारी ‘डॉफ’ला बसता येईल असे छोटे तुकडे उत्क्रांतीत उगवले आणि ती जनुकेही त्या हाकेला ओ देऊ लागली. हाक मारणारा जुना. ऐकणारे वाढले.

२२/
कॅमची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे प्रश्न जागेचा नसून वेळेचा. दिवस-रात्रीचे घड्याळ प्रत्येक वनस्पतीच्या पेशीत असते. २०१५ मध्ये अननसाची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा कॅमच्या काही महत्त्वाच्या जनुकांशेजारी या घड्याळाच्या प्रथिनांना बसण्याच्या जागा आढळल्या. दुपारी वाजणारी घंटा मध्यरात्री वाजू लागली, एवढाच बदल. हेनने १८१३ मध्ये जिभेने टिपलेले वेळापत्रक ते हेच.

२३/
दोन्ही तोडगे एकत्र नांदू शकतात का? पुष्कळ काळ उत्तर नकारार्थी मानले जाई. पण घोळ ही भाजी, आठवडे बाजारात जुडीने मिळणारी, मुळात सी-४ आहे आणि पाणी तुटले की कॅमही सुरू करते. १९८० च्या सुमारास हे लक्षात आले होते. २०२२ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की घोळीत ही दोन कामे वेगळ्या पेशींत वाटलेली नाहीत. त्याच पेशींत एकमेकांत गुंतलेली आहेत. रात्री पकडलेला कार्बन सकाळी सी-४ च्याच साखळीत ओतला जातो. भाजी निवडताना हातात असते ती इतकी गुंतागुंत.

२४/
या सगळ्या पार्श्वभूमीवर शिवनेरीच्या कड्यावरचे रोप पुन्हा पाहावे. घोळ एकाच पानात दोन पद्धती गुंफते. फ्रेरिया त्या दोन अवयवांत विभागते. पाऊस असताना पाण्याची चणचण नसते, तेव्हा दिवसा भरभर कमाई करणारी सी-३ पाने फायद्याची. पाणी संपले की पाने टाकून देऊन रात्रीच्या कॅम खोडावर तग धरायचा. कोकणकड्याच्या बाजूने येणारा चार महिन्यांचा पाऊस आणि त्यानंतर तापणारा उघडा खडक, या दोन टोकांना दोन उत्तरे.

२५/
ही पाने पूर्वजांकडून वाचलेली की नव्याने मिळालेली? फार काळ फ्रेरियाला बिनपानी नातलगांचा पानवाला पूर्वज, एक हरवलेला दुवा मानले गेले. डीएनएच्या तुलनेने ते चित्र उलटले. फ्रेरिया भारतातील बिनपानी बुसेरोसिया गटाच्या अगदी आत बसते, त्याच्या तळाशी नाही. म्हणून अनेक वर्गीकरणतज्ज्ञ तिला आता बुसेरोसिया फ्रेरी म्हणतात. तिच्या पूर्वजांनी पाने जवळजवळ सोडली होती आणि तिच्यात ती पुन्हा परतली, असे यावरून सूचित होते. पान घडवण्याची आणि दिवसा कार्बन पकडण्याची जनुके वंशात मिटून ठेवलेल्या पोथीसारखी पडून होती. त्यांना पुन्हा वाचनाची सूचना मिळाली. डॅल्झेल यांनी दिलेले प्रजातीचे नाव यात गेले. फ्रिअर साहेबांचे आडनाव मात्र जातीच्या नावात टिकले.

२६/
या ज्ञानाला व्यवहाराची धार आहे. भाताला सी-४ करता आले, तर तितक्याच पाण्यात आणि खतात लक्षणीयरीत्या अधिक पीक निघेल, या आशेने २००८ च्या सुमारास फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने मोठा प्रकल्प सुरू झाला. मक्याची विकरे भातात घातली गेली. तीही काम करू लागली, पण ज्वारीसारखे पान काही भाताला अजून जमलेले नाही. ‘डॉफ’चा शोध इथे उपयोगी पडतो, कारण भाताकडे हाक मारणारा आधीपासून आहे, हे आता निश्चित कळले आहे. जनुकांशेजारी योग्य तुकडे बसवण्याचे काम उरते. भीमाशंकरच्या पायथ्याच्या खाचरवाल्यासाठी ते बियाणे अजून दूर आहे.

२७/
फ्रेरियाचे दिवस मात्र मोजके असू शकतात. शिवनेरी, पुरंदरशेजारचा वज्रगड, सज्जनगड आणि सह्याद्रीतील आणखी काही कडे, एवढेच तिचे जगातले घर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने १९८० च्या दशकात जगातील अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींच्या निवडक यादीत तिचा समावेश केला होता. वणवे, शेळ्यांची चराई, कोसळणाऱ्या दरडी आणि संग्राहकांचा हव्यास ही त्यामागची कारणे. उभ्या कड्यामुळेच ती वाचली आहे. जिथे हात पोचतो, तिथून ती आधी नाहीशी होते.

२८/
खोडाचा तुकडा कुंडीत खोचला की ती सहज जगते, त्यामुळे जगभरच्या मांसल वनस्पतींच्या शौकिनांकडे ती आहे. पण तुकड्यांपासून वाढवलेली रोपे मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतात. शेकडो कुंड्यांत मिळून मोजक्याच झाडांची जनुके असू शकतात. बीजापासून उगवलेल्या, एकमेकांपासून किंचित वेगळ्या रोपांचा साठा कड्यांवरच आहे. सूचनांमधला तो चार-पाच अक्षरांचा फरक, ज्यातून पुढचे बदल निघतात, तोही तिथेच.